घळीत उतरण्याआधी: सांधण दरीला जाणाऱ्यांसाठी डॉक्टरांची माहिती

घळ म्हणजे दोन उभ्या कातळभिंतींमधली अरुंद, खोल चीर. सह्याद्रीतली सर्वांत प्रसिद्ध घळ म्हणजे सांधण दरी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात साम्रद गाव आहे, तिथून ही दरी सुरू होते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळ, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन माणसं मावतील एवढी वाट, पायाखाली मोठमोठे दगड आणि थंडगार पाण्याचे डोह. पुढे दोराने उतरायचे टप्पे येतात आणि वाट कोकणात, शहापूर तालुक्यातल्या देहणे गावाच्या बाजूला बाहेर पडते.

किल्लारी, औसा, निलंगा, लातूर, नांदेड या भागातून तिकडे जाणाऱ्या तरुणांचे गट आता वाढले आहेत. आपला मुलूख पठाराचा. काळी जमीन, उघडं रान आणि दूरवर दिसणारं आभाळ. घळीत यातलं काहीच नसतं. त्यामुळे आपल्याला सवयीने जे धोके कळतात (ऊन, साप, विंचू) ते तिथे दुय्यम ठरतात आणि ज्यांची सवय नाही ते पुढे येतात. हा लेख त्यासाठी आहे. जाऊ नका असं सांगण्याचा हेतू नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गड चढताना दम लागला तर तुम्ही कुठेही बसू शकता आणि आल्या वाटेने खाली येऊ शकता. घळीत उलटं असतं. आधी उतार, मग चढ किंवा लांबची चाल. आणि पहिल्या मोठ्या टप्प्यावरून, साधारण ४५ फूट, दोराने खाली उतरलात आणि वरचा दोर काढून घेतला की परतीचा रस्ता संपतो. म्हणून "बघू, जमेल तेवढं जाऊ" हा विचार इथे चालत नाही. प्रकृतीचा निर्णय दरीच्या तोंडाशी, साम्रदमध्येच, किंवा त्याहून चांगलं म्हणजे घरीच घ्यायचा असतो.

कोणी जाऊ नये, कोणी डॉक्टरांना विचारून जावं

गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेला असेल, छातीत दुखण्याचा त्रास चालू असेल, फिट्स पूर्ण आटोक्यात नसतील, गर्भारपण असेल, नुकतंच पोटाचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, तर दोराने उतरण्याचा बेत सोडून द्या. साम्रदहून दरीच्या सुरुवातीचा थोडा भाग पाहून परत येता येतं. त्यातही पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना सरसकट मनाई नाही, पण गोळ्यांचा विचार आधी करावा लागतो. हा भाग गटाचे आयोजक क्वचितच विचारतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर सहा-सात तासांच्या श्रमात झपाट्याने उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं, आणि नेमकी हीच लक्षणं थकव्याचीही वाटतात. सोबत्यांना ते कळत नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा आणि शेजारी चालणाऱ्याला सांगून ठेवा. डॅपाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही बाहेर टाकतात. उपाशीपोटी, कमी पाण्यावर दिवसभर श्रम केले तर त्या गोळ्यांवर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. यातली कोणती गोळी त्या दिवशी घ्यायची, कोणती टाळायची, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी एक सवय सोडायला हवी: गुडघे दुखू नयेत म्हणून सकाळीच डायक्लोफेनॅकची गोळी घेणं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते.

शेतात राबणाऱ्यालाही सराव लागतो

आपल्याकडचा माणूस दिवसभर रानात राबतो, त्याला वाटतं चालण्याचं काय एवढं. पण सपाट चालणं आणि दगडांवरून उतरणं ही स्नायूंची दोन वेगळी कामं आहेत. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतात. या कामाची सवय नसेल तर तीन-चार तासांत मांड्या लटपटू लागतात, पाऊल नेमकं पडत नाही आणि घोटा मुरगळतो. घोटा मुरगळणं ही अशा ठिकाणची नेहमीची दुखापत आहे. बहुतेक वेळा ती थकलेल्या पायाची असते, दगडाचा दोष कमीच.

उपाय साधा आहे. जाण्याआधी किमान चार ते सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी चढा आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा. जवळ खरोशाच्या लेण्यांची टेकडी आहे, नळदुर्गचा किल्ला आहे. पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घेऊन तिथे सराव करता येतो. तीन मजले न थांबता चढल्यावर सोबत्याशी सलग एक वाक्य बोलता येत नसेल तर बेत पुढे ढकला.

दुसरी अडचण झोपेची. किल्लारीहून भंडारदरा म्हणजे रात्रभराचा प्रवास. गट रात्री निघतात, पहाटे पोचतात, चहा घेतात आणि थेट दरीत उतरतात. झोप न झालेल्या शरीराला उष्णता नीट सोसत नाही आणि मेंदूचा निर्णय चुकतो. एक मुक्काम वाढवा. खर्च वाढेल, पण या लेखातला सर्वांत स्वस्त विमा तोच आहे.

पाणी: वरच्या आभाळावर भरवसा नको

पठारावर पाऊस येताना दिसतो. घळीत डोक्यावर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. पाऊस कित्येक किलोमीटर वर, दुसऱ्याच डोंगरावर पडतो आणि त्याचं सगळं पाणी या अरुंद चिरेत उतरतं. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ साक्सेटबाख नावाची अशीच घळ आहे. २७ जुलै १९९९ रोजी वरच्या भागात वादळी पाऊस झाला आणि घळीत उतरलेले २१ जण लोंढ्यात मृत्युमुखी पडले, त्यांत अनुभवी वाटाडेही होते. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढायला लागल्यावर त्यांना काठ गाठायला वेळच मिळाला नाही.

वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी धडधाकट माणसाला पाडू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आला, वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर बॅगा सोडा आणि मिळेल त्या उंच कपारीवर चढा. पळून पाण्याच्या पुढे जाता येत नाही. पावसाळ्यात सांधणमध्ये उतरूच नये. ऑक्टोबरमध्येही परतीचा पाऊस रेंगाळत असेल तर थांबावं.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत चुकीची आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर डोकं मागे करून, नाक दाबून, तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र सुरू ठेवा. बुडालेल्याला ऑक्सिजन कमी पडलेला असतो, म्हणून इथे श्वासाला आधी महत्त्व.

थंडी आणि ऊन, एकाच दिवसात

मराठवाड्यातल्या माणसाला थंडीने माणूस दगावतो हे पटत नाही. पण घळीच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोचतं. डिसेंबर-जानेवारीत कमरेएवढ्या डोहातून गेल्यावर जीन्स आणि सुती बनियन ओलेच राहतात, आणि ओला कपडा अंगातली ऊब वेगाने खेचून घेतो. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हुडहुडी, मग बोलणं अडखळणं, हात वाकडेतिकडे चालणं, आणि शेवटी हुडहुडी थांबणं. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं नव्हे, तो धोक्याचा टप्पा आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, जमिनीपासून अंग वर ठेवा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू देऊ नका. तिने ऊब वाटते, पण उष्णता बाहेर जाते. पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत एक कोरडा जोड प्रत्येकाकडे हवाच.

मार्च ते मेमध्ये चित्र पालटतं. घळीत गार वाटतं, पाणी कमी प्यायलं जातं, आणि खाली उघड्यावर आल्यावर कोकणातली दमट उष्णता गाठते. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे उपयोगी पडत नाही, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात त्वचा घामाने भिजलेलीही असू शकते. म्हणून घामावर जाऊ नका. गरम अंग आणि बरळणं, चाल बिघडणं किंवा शुद्ध हरपणं एकत्र दिसलं की तो उष्माघात समजा. आहे तिथेच सावलीत घेऊन मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला. आधी गार करा, मग हलवा.

पाणी किती प्यावं? तहान लागेल तसं, थोडं थोडं. प्रत्येकाकडे किमान तीन लिटर असावं. पण जबरदस्तीने नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. सोबत खारट खाणं ठेवा. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी यासाठी उत्तम आहे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. दुकानातली रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

दोरावर लटकून राहिलेला माणूस

दोराने उतरताना केस, ओढणी किंवा सैल कपडा दोराच्या चकतीत अडकतो, किंवा माणूस घाबरून गोठतो आणि मध्येच लटकून राहतो. पाय न हलवता पट्ट्यात उभं लटकल्यावर रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी येतं, आणि धडधाकट माणूसही काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. तो लटकलेला असेपर्यंत त्याला पाय सतत हलवायला, भिंतीवर रोवायला सांगा आणि लवकरात लवकर खाली घ्या. खाली आल्यावर त्याला आडवं झोपवा. आडवं केल्याने जीवाला धोका होतो असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे. तो सल्ला आता मागे पडला आहे.

हेल्मेट नसेल तर दोराला हात लावू नका. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा सहली नेणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. पैसे भरण्याआधी नोंदणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि विमा या तिन्हींची चौकशी करा. ती करण्यात संकोच नको.

दगडाखाली अडकलेला माणूस

किल्लारीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माळवदाची घरं कोसळली तेव्हा जाड दगडी भिंती आणि छतावरची माती अंगावर आल्याने काय होतं, ते या भागातल्या घराघराने पाहिलं आहे. पण त्यातली एक वैद्यकीय बाब अजूनही कमी लोकांना ठाऊक असते, आणि ती घळीतही लागू पडते.

हात-पाय बराच वेळ दगडाखाली दाबला गेला की स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतलं पोटॅशियम आणि रंगद्रव्य तिथेच अडकून राहतं. दगड काढल्याबरोबर ते एकदम रक्तात येतं. पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं आणि रंगद्रव्याने पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली माणसं नंतर दगावत होती. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हे मांडलं.

मग करायचं काय? दगड नुकताच पडला असेल, किंवा छाती, मान, डोकं दबलं असेल, तर सुरक्षितपणे शक्य तितक्या लवकर काढा. कित्येक तास उलटले असतील आणि बचाव पथक पोचत असेल, तर दगड उचलण्याआधी शिरेतून सलाइन सुरू करणं ही योग्य पद्धत आहे. ते काम पथकाचं. तुम्ही नेमकी अडकल्याची वेळ लिहून ठेवा आणि सांगा. अशा माणसाला नारळपाणी किंवा फळांचा रस देऊ नका, त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. आणि बाहेर काढल्यावर तो हसत-बोलत असला तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच आहे.

उंचावरून पडलेल्या माणसाला उचलून बसवू नका. मान आणि पाठ एका रेषेत धरून तसाच ठेवा, अंगावर पांघरूण घाला. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने जोरात, सलग दाब द्या, दर मिनिटाला उघडून पाहू नका.

आग्या मोहोळ आणि साप

कातळाच्या कपारींना आग्या माश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी त्या उठतात. माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून आल्या वाटेने दूर पळा. पाण्यात बुडी मारून बसू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. डोहापेक्षा अंतर उपयोगी. काटे जमेल तसे, पण लगेच काढा. ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, अंगभर गांधी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर ती जीवघेणी अ‍ॅलर्जी असू शकते. त्यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. पूर्वी माशी चावून असा त्रास झालेला असेल तर ते इंजेक्शन सोबत नेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असल्यास तेही सांगा, कारण तिने या इंजेक्शनचा परिणाम कमी होऊ शकतो. पन्नासहून जास्त डंख असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखान्यात थांबून लघवी आणि मूत्रपिंडं तपासावी लागतात.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात: आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. दंश झालेला हातपाय न हलवता माणसाला उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर सर्पविषरोधक इंजेक्शन चालतं. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, पण त्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो. साप कोणता हे तुम्ही ठरवत बसू नका.

मदत कशी बोलवायची

दरीत मोबाइलला रेंज नसते असं धरून चाला. म्हणून गावात एका माणसाला नावं, संख्या आणि बाहेर पडण्याची वेळ लिहून द्या. अपघात झाला तर दोघांनी मिळून बाहेर जायचं, एकट्याने नाही, आणि जखमीजवळ कोणीतरी थांबायचं. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही आपत्कालीन सेवा रस्त्यापर्यंत येते. कातळातून माणूस वर काढायला गिर्यारोहकांचं पथकच लागतं. त्यासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर काम करतं, त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा. कोकणच्या बाजूला बाहेर पडलात तर शहापूर, वर साम्रदला आलात तर राजूर-अकोले या दिशेने जायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

हिमालयातल्या दऱ्यांचा बेत असेल तर विरळ हवेची भर पडते. आपण राहतो समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू झालं तर आणखी वर जायचं नाही. चाल लटपटली किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली यायचं. किनवट-माहूर भागातल्या ज्या कुटुंबांत सिकलसेल आहे, त्यांनी अशा सहलीआधी रक्ततपासणी करून घ्यावी. उंची, थंडी आणि पाण्याची कमतरता या तिन्हींनी सिकलसेलचा त्रास उसळतो.

घरी परतल्यावर

मांड्या दुखणं दोन-तीन दिवस वाढतं आणि मग उतरतं. ते नैसर्गिक आहे. पण लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटल्याची ती खूण असते. मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

डोहाच्या पाण्यात उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, ते पायावरच्या ओरखड्यांतून शिरतात. साधारण पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्यापर्यंतही, ताप, पोटऱ्यांमध्ये कळा, डोळे लाल होणं असा त्रास सुरू होतो. झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस हाही तापाचाच आजार, त्यात कधी काखेत किंवा जांघेत काळी खपली सापडते. दोन्हींवर वेळेत दिलेली साधी औषधं लागू पडतात. अडचण एवढीच असते की औशात किंवा लातुरात तापाचा रुग्ण आला की डॉक्टर आधी डेंग्यू आणि मलेरिया तपासतात, कारण इथे तेच जास्त दिसतं. म्हणून महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा की तुम्ही सह्याद्रीत घळीतल्या पाण्यातून चालून आला आहात, आणि तारीखही सांगा.